‘गुरुवारी ६० टक्के पाऊस’ म्हणजे नेमकं काय? लहान गावाचा आठवड्याचा अंदाज आणि डोक्यावरचे ढग

फोनवर गावाचं नाव टाकलं की सात दिवसांचं हवामान एका ओळीत समोर येतं. सात छोटी चित्रं, खाली कमाल-किमान तापमान, त्याखाली पावसाची टक्केवारी. गुरुवारसमोर ढगाचं चित्र आणि ६० टक्के. गुरुवार येतो, गावात थेंबही पडत नाही, आणि चार किलोमीटरवरच्या वस्तीत मात्र तासभर धो धो कोसळून जातो. संध्याकाळी सगळीकडे एकच सूर: या अंदाजांचं काही खरं नसतं.

खरं तर अशा बहुतेक गुरुवारी अंदाज बरोबरच असतो. तो कोणत्या ढगाबद्दल बोलत होता, हे मात्र त्या ओळीत कुठेच लिहिलेलं नसतं. आकाशभर आडवा पसरलेला ढग आणि एका जागी उभा चढत गेलेला ढग, पाऊस दोन्हींमधून पडतो आणि दोन्हींसाठी ६० टक्केच लिहिलं जातं. पण आडव्या ढगाच्या बाबतीत तो आकडा ‘पाऊस येईल का’ याचं उत्तर असतो, आणि उभ्या ढगाच्या बाबतीत ‘आपल्याच गावावर येईल का’ याचं. हे लक्षात आलं की आठवड्याचा अंदाज वाचायची रीतच बदलते. म्हणून आधी ढग समजून घेऊ, मग अंदाज.

हवा वर गेली की थंड होते

ढगाचं मूळ एवढ्याच गोष्टीत आहे. जमिनीलगतची हवा वर चढते, वर दाब कमी असतो, त्यामुळे ती पसरते आणि पसरताना थंड होते. ढग बनण्याआधी ती दर किलोमीटरला जवळपास १० अंश सेल्सिअसने थंड होत जाते. हवेत पाण्याची वाफ असतेच. ज्या तापमानाला त्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्याला दवबिंदू म्हणतात. चढणारी हवा तेवढी थंड झाली की धूळ, धूर, समुद्रावरून आलेलं मीठ अशा सूक्ष्म कणांवर पाणी जमतं आणि ढग दिसू लागतो.

यातून एक सोपा हिशेब करता येतो. दुपारचं तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या फरकाला १२५ ने गुणलं की ढगाचा तळ अंदाजे किती मीटरवर असेल ते कळतं. तापमान ३० अंश आणि दवबिंदू १८ असेल तर फरक १२, म्हणजे तळ साधारण १,५०० मीटरवर. बऱ्याच अ‍ॅपमध्ये दवबिंदू आतल्या पानावर दिलेला असतो. तो उघडून एकदा हा हिशेब करून पाहावा. वर येणारी हवा त्या एकाच पातळीला पोचली की ढग होते, म्हणून दुपारच्या पांढऱ्या ढगांचे माथे वेडेवाकडे असले तरी तळ एका रेषेत सपाट दिसतात.

ढगातला थेंब फारच बारीक असतो, व्यास साधारण ०.०२ मिलिमीटर. दोन मिलिमीटरचा पावसाचा एक थेंब व्हायला असे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. ढग भरून आले तरी पाऊस का पडत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं: थेंब आहेत, पण एकमेकांत मिसळून मोठे व्हायला त्यांना पुरेशी जाडी आणि पुरेसा वेळ मिळालेला नाही.

आणि ढग हलका नसतो. एक किलोमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच असा साधा पांढरा ढग घेतला आणि त्याच्या दर घनमीटरमध्ये अर्धा ग्रॅम पाणी धरलं, तर एकूण पाणी ५०० टन भरतं. तो खाली का येत नाही? कारण हे पाणी अशा थेंबांत वाटलं गेलेलं असतं, जे सेकंदाला जेमतेम एखादा सेंटिमीटर खाली सरकतात, आणि खालून वर येणारी हवा त्यांना त्याहून जास्त वेगाने उचलत असते.

आडवे ढग, उभे ढग

ढगांना आज वापरतो ती नावं लंडनमध्ये औषधं बनवणाऱ्या ल्यूक हॉवर्ड यांच्यामुळे मिळाली. डिसेंबर १८०२ मध्ये त्यांनी एका लहानशा अभ्यासमंडळात ढगांच्या प्रकारांवर व्याख्यान दिलं. तंतूंसारखा तो सिरस, राशीसारखा तो क्युम्युलस, थरासारखा तो स्ट्रेटस, आणि पाऊस देणाऱ्याला निंबस. त्याच वर्षी फ्रान्समध्ये निसर्गशास्त्रज्ञ लामार्क यांनीही स्वतःची नावं सुचवली होती, पण ती टिकली नाहीत. हॉवर्ड यांची पद्धत वाढत वाढत दहा मुख्य प्रकारांपर्यंत गेली आणि जागतिक हवामान संघटनेच्या मेघ-नकाशासंग्रहात आजही तीच आहे.

दहाही नावं पाठ करायची गरज नाही. अंदाज समजायला दोन प्रश्न पुरतात: ढग आडवा पसरतोय की उभा वाढतोय, आणि तो किती उंचावर आहे. मोठ्या क्षेत्रावरची हवा सावकाश, सगळीच्या सगळी एकत्र वर ढकलली जाते तेव्हा आडवे ढग होतात. स्ट्रेटस, अल्टोस्ट्रेटस, निंबोस्ट्रेटस हे त्यातले. तापलेल्या जमिनीवरून हवा ठिकठिकाणी जोराने उसळते तेव्हा उभे ढग होतात. लहान असताना क्युम्युलस, आणि गडगडाटी होईपर्यंत वाढला की क्युम्युलोनिंबस. सिरसवर्गीय ढग सगळ्यांत वर, बर्फाच्या स्फटिकांचे.

उंची ओळखायला बोटांचा चांगला उपयोग होतो. आकाशात बारीक गोळ्यांची नक्षी पसरलेली दिसली, तर क्षितिजापासून बऱ्यापैकी वर असलेला भाग निवडा आणि हात पूर्ण लांब करा. एक गोळा करंगळीच्या रुंदीमागे झाकला गेला तर तो उंचावरचा सिरोक्युम्युलस. करंगळीहून मोठा, पण तीन बोटांमागे मावणारा असेल तर मधल्या पातळीवरचा अल्टोक्युम्युलस. तीन बोटांबाहेर येत असेल तर खालचा स्ट्रॅटोक्युम्युलस. निरीक्षकही हाच निकष वापरतात, फक्त ते अंशांत मोजतात: १ अंशाहून कमी, १ ते ५ अंश, ५ हून जास्त.

झडीचा पाऊस चाहूल देत येतो

आडव्या ढगांचा पाऊस एकाएकी येत नाही. मध्यम अक्षांशांत, जिथे उबदार आणि थंड हवेचे मोठे पट्टे एकमेकांवर चढतात, तिथे हा क्रम स्पष्ट दिसतो. आधी सिरसचे विरळ तंतू. मग त्यांचा दुधी पडदा, सिरोस्ट्रेटस. सूर्य किंवा चंद्र त्यातून दिसतो आणि त्याभोवती खळं पडतं. ते खळं बर्फाच्या षट्कोनी स्फटिकांतून प्रकाश वळल्यामुळे होतं आणि त्याची त्रिज्या ठरलेली असते, २२ अंश. हात लांब करून पंजा फाकवला तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण तेवढंच अंतर भरतं. (सूर्याचं खळं बघताना सूर्य एखाद्या भिंतीआड घ्यावा, थेट पाहू नये.) पडदा जाड होत गेला की अल्टोस्ट्रेटस: सूर्य घासलेल्या काचेमागे असल्यासारखा पुसट दिसतो आणि जमिनीवर आपली सावली पडेनाशी होते. त्यानंतर निंबोस्ट्रेटस, करडा, कडा नसलेला, आणि संततधार. पहिल्या तंतूंपासून पावसापर्यंत बहुधा अर्धा ते दीड दिवस जातो.

उष्ण कटिबंधात मात्र हा क्रम जसाच्या तसा धरून चालू नये. तिथले सिरस पुष्कळदा दूरच्या एखाद्या गडगडाटी ढगाच्या माथ्यावरून वाऱ्याने वाहून आलेले असतात. ते दिसले म्हणून आपल्याकडे पाऊस येणारच असं नाही.

निंबोस्ट्रेटस शेकडो किलोमीटर पसरलेला असतो. तो येणार असेल तर गावावर येतो, शेजारच्या गावावर येतो, तालुकाभर येतो. चूक झालीच तर बहुतेक वेळी वेळेची होते: पहाटेऐवजी दुपारी सुरू होतो.

आडव्या ढगांत एक मात्र अंदाजकर्त्यांना फार सतावतो, तो म्हणजे जमिनीलगतचा स्ट्रेटस. पाऊस म्हणाल तर भुरभुर, तीही कधी कधी. पण तो सकाळी दहाला विरला तर ऊन तापतं, आणि दुपारी दोनपर्यंत राहिला तर कमाल तापमान अंदाजापेक्षा कित्येक अंशांनी कमी राहतं. केवळ दोन-तीनशे मीटर जाडीचा हा थर कधी फाटेल, ते थोड्याशा वाऱ्यावर आणि आर्द्रतेवर ठरतं. पावसाचा अंदाज बरोबर आणि तापमानाचा साफ चुकलेला, असा दिवस दिसला तर आधी याच्यावर संशय घ्यावा.

उभ्या ढगाचा एक दिवस

आता दुसरं घराणं. माझ्या मते आकाशात बघण्यासारखं सगळ्यांत जास्त इथेच आहे.

सकाळी आकाश निरभ्र असतं, किंवा मधल्या पातळीवर अल्टोक्युम्युलसची एखादी रांग असते. त्या रांगेतून किल्ल्याच्या तटासारखे छोटे छोटे बुरूज वर निघालेले दिसले तर नोंद घ्यावी. वरच्या थरांतली हवा सकाळीच अस्थिर आहे, म्हणजे थोडा धक्का मिळाला की उसळून वर जाणारी आहे, असा त्याचा अर्थ. दहा-अकराच्या सुमारास सपाट तळाचे, सुटे पांढरे क्युम्युलस उगवतात. ते रुंदीपेक्षा बुटके राहिले आणि दुपारभर तसेच राहिले, तर दिवस कोरडा जातो. वरची उबदार हवा त्यांना चढू देत नसते.

त्यातला एखादा उंचीने रुंदीला मागे टाकतो, तेव्हा त्याच्या माथ्याकडे पाहावं. कडा रेखीव, टणक दिसत असतील तर तिथे अजून पाण्याचे थेंब आहेत आणि ढग जोरात वाढतो आहे. त्याच कडा विस्कटून तंतुमय दिसू लागल्या की माथ्यावर बर्फ झालं. आता तो क्युम्युलोनिंबस. चढता चढता तो अशा पातळीला टेकतो जिथे वरची हवा त्याच्यापेक्षा उबदार असते. त्यापुढे जाता येत नाही म्हणून माथा बाजूला पसरतो आणि लोहाराच्या ऐरणीचा आकार येतो. उष्ण कटिबंधात ही पातळी १६ ते १८ किलोमीटरवर असते, म्हणजे प्रवासी विमानांच्या बरीच वर. आत हवा सेकंदाला १० मीटर आणि जोरदार ढगांत त्याहून कितीतरी जास्त वेगाने वर जात असते.

पाऊस सुरू झाला की तो स्वतःबरोबर थंड हवा खाली ओढतो. ती जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. उकाड्यात अचानक गार झोत येतो तो हाच, आणि तो आला म्हणजे ढग जवळ आहे. हीच गार हवा ढगाची खालून येणारी उबदार हवा तोडते, म्हणून एकटा गडगडाटी ढग साधारण अर्ध्या-पाऊण तासात, फार तर तासाभरात संपतो. मात्र तिच्या कडेला दुसरी उबदार हवा उचलली जाऊन नवा ढग उगवू शकतो. एक सर जाऊन वीस मिनिटांनी दुसरी येते ती अशी.

विजेबाबत टक्केवारीची वाट पाहू नये. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांना तीनने भागलं की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. गडगडाट तीस सेकंदांच्या आत आला, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावं, झाडाखाली थांबू नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

अ‍ॅपला आपलं गाव माहीत असतं का?

नाव माहीत असतं. हवामानाच्या गणिताला मात्र ते गाव दिसत नाही.

वातावरणाचं वागणं भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी आधीच काढता येईल, हे नॉर्वेचे विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी १९०४ मध्ये मांडलं. ब्रिटनच्या लुईस फ्राय रिचर्डसन यांनी ती समीकरणं हाताने सोडवून सहा तासांचा अंदाज काढला आणि १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. उत्तर पूर्ण फसलं होतं. सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने बदलेल असं आलं, जे शक्यच नाही. पण पद्धत बरोबर होती, आणि १९५० मध्ये एनिअ‍ॅक या संगणकावर ती चालवून दाखवली गेली. आजचा प्रत्येक साप्ताहिक अंदाज याच वाटेने येतो. या समीकरणांच्या संगणकी मांडणीला मॉडेल म्हणतात.

मॉडेल वातावरणाचे चौकोनी तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्याला एक तापमान, एक आर्द्रता, एक वारा देतं. युरोपच्या मध्यमपल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राच्या जागतिक मॉडेलात हा चौकोन सुमारे ९ किलोमीटरचा आहे. अमेरिकेच्या जागतिक मॉडेलात १३ च्या आसपास. ९ किलोमीटरचा चौकोन म्हणजे ८१ चौरस किलोमीटर. लहान गाव त्याच्या एका कोपऱ्यात मावतं. गाव दरीत असो वा टेकडीवर, चौकोनाला एकच सरासरी उंची असते. अ‍ॅप जवळच्या चौकोनांचे आकडे घेतं, थोडी दुरुस्ती करतं आणि त्यावर आपल्या गावाचं नाव लावतं.

शेकडो किलोमीटरचा निंबोस्ट्रेटस या जाळीत छान पकडला जातो. तीन किलोमीटर रुंदीचा, पाऊण तास जगणारा क्युम्युलोनिंबस मात्र तिच्या छिद्रातून निसटतो. मॉडेल त्याची जागा सांगत नाही. या चौकोनात आज असे ढग होण्याजोगी परिस्थिती आहे, एवढंच सांगतं. पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं की ते किती वेळात उकळेल हे सांगता येतं, पण पुढचा बुडबुडा तळाच्या कोणत्या बिंदूतून उठेल हे नाही. गडगडाटी पावसाचा दिवस नेमका तसाच असतो, आणि तिथे गावाचं नाव घालून दुपारी साडेचारची वेळ दाखवणं म्हणजे गणिताला माहीत नसलेली गोष्ट त्याच्या तोंडी घालणं आहे.

६० टक्के म्हणजे ६० टक्के काय?

६० टक्के वेळ पाऊस, असं नाही. ६० टक्के जोराचा पाऊस, असंही नाही. दिलेल्या ठिकाणी, दिलेल्या काळात, मोजता येईल इतका पाऊस पडण्याची ती शक्यता आहे. थेंब किती पडतील याच्याशी तिचा संबंध नाही. भुरभुर झाली तरी ‘पडला’ आणि ढगफुटी झाली तरी ‘पडला’. प्रमाणासाठी मिलिमीटरचा आकडा वेगळा पाहावा लागतो. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी.

आता हा आकडा उभ्या ढगांतून कसा निघतो ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. एक सर तीन किलोमीटर रुंद, चाळीस मिनिटं टिकणारी, ताशी वीस किलोमीटरने सरकणारी. तेवढ्या वेळात ती तेरा किलोमीटर जाते, म्हणजे साधारण ४० चौरस किलोमीटरचा पट्टा भिजवते. हजार चौरस किलोमीटरच्या परिसरात दिवसभरात अशा पंधरा सरी झाल्या आणि पट्टे एकमेकांवर आले नाहीत, तर ६०० चौरस किलोमीटर भिजलं, ४०० कोरडं राहिलं. प्रत्येक गावाला ६० टक्के. यात पाऊस पडणार हे जवळपास नक्की होतं. कुणावर, एवढंच ठरलेलं नव्हतं. शेजारचं गाव भिजून आपलं कोरडं राहणं हे या ६० टक्क्यांच्या आतच बसतं.

आडव्या ढगांचे ६० टक्के निराळे. तिथे पावसाची एक मोठी प्रणाली आपल्यावरून जाईल की शंभर किलोमीटर बाजूने, हा प्रश्न असतो. गेली तर सगळा परिसर भिजेल, नाही तर सगळाच कोरडा.

एका ओळीच्या अंदाजातून हे दोन ओळखायचे कसे? तीन खुणा बऱ्यापैकी काम देतात. ताशी आलेख उघडा: टक्केवारी दुपारनंतर चढून रात्री उतरत असेल तर उभे ढग, दिवसरात्र जवळपास सारखी असेल तर आडवे. तापमान बघा: झडीच्या दिवशी कमाल तापमान उतरतं आणि कमाल-किमान जवळ येतात; सरींच्या दिवशी दुपारचा आकडा चढाच राहतो. तिसरी खूण मला सगळ्यांत उपयोगी वाटते: तोच दिवस रोज तपासा. आडव्या ढगांचा आकडा दिवस जवळ येईल तसा एका बाजूला झुकतो, ६० चा ९० होतो किंवा १०. उभ्या ढगांचा आकडा त्या दिवशी सकाळीही ६० च्या आसपास राहू शकतो.

ताशी आकडे वाचताना आणखी एक घोटाळा होतो. दुपारच्या प्रत्येक तासाला २० टक्के लिहिलं असेल तर दिवसभराची शक्यता २० टक्के राहत नाही, ती त्याहून जास्त असते. एक सर यापैकी कोणत्याही तासात येऊ शकते. शिवाय बरीच अ‍ॅप दिवसाला एकच चित्र देतात आणि त्यासाठी दिवसातलं सगळ्यांत लक्षवेधी हवामान निवडतात. दहा मिनिटांच्या गडगडाटासाठी सगळ्या दिवसावर वीज रंगवली जाते.

‘टक्केवारी म्हणजे सुटायची पळवाट’

हा आक्षेप नेहमी येतो, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. कारण एकाच दिवसावरून टक्केवारी खरी की खोटी हे ठरवता येत नाही, हे खरंच आहे. पण पुष्कळ दिवसांवरून ती नक्की तपासता येते. ज्या ज्या दिवशी ३० टक्के सांगितलं ते सगळे दिवस एकत्र काढा. त्यातल्या साधारण दहापैकी तीन दिवशी पाऊस झाला असेल तर अंदाज देणारा चोख आहे. दहापैकी सहा दिवशी झाला असेल तर तो कमी सांगतो. हवामान संस्था हा ताळा नियमित करतात. ‘येईल’ किंवा ‘येणार नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्याकडून असा हिशेब कधीच मागता येत नाही, म्हणून मला टक्केवारी जास्त प्रामाणिक वाटते.

सातवा दिवस मग दाखवतातच कशाला?

१९६१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड लॉरेंझ संगणकावर हवामानाचं एक छोटं मॉडेल चालवत होते. एक गणित मधूनच पुन्हा सुरू करताना त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा भरला. सुरुवातीला दोन्ही उत्तरं जुळली, मग वेगळी होत होत त्यांचा एकमेकांशी संबंधच उरला नाही. खऱ्या वातावरणातही तेच होतं. फुगे, उपग्रह, विमानं, जहाजं यांनी कितीही मोजलं तरी थोडी चूक राहते, आणि ती दिवसागणिक वाढत जाते. दोन आठवड्यांच्या पलीकडे एखाद्या विशिष्ट दिवसाचं हवामान सांगणं म्हणूनच जवळपास अशक्य मानलं जातं.

यावरचा उपाय १९९२ पासून नित्याच्या कामात आला: एकच अंदाज काढण्याऐवजी सुरुवातीचे आकडे जरा जरा बदलून अनेक काढायचे. युरोपीय केंद्र असे ५० काढतं, शिवाय न बदललेला एक. पन्नासपैकी तीस जणांनी गुरुवारी पाऊस दाखवला तर ढोबळमानाने ६० टक्के. सगळे एकत्र राहिले तर सातव्या दिवसावरही बराच विश्वास ठेवता येतो. तिसऱ्याच दिवशी विखुरले तर तिसऱ्यावरही नाही. अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या सांगण्यानुसार पाच दिवसांचा अंदाज सुमारे ९० टक्के वेळा, सात दिवसांचा ८० टक्के वेळा बरोबर येतो आणि दहा दिवसांच्या पुढचा निम्म्याच वेळा. हे सर्वसाधारण हवामानाबद्दल आहे. एका गावावरच्या एका सरीबद्दल नाही.

तेव्हा पहिल्या दोन दिवसांत वेळासुद्धा पाहाव्यात, पाचव्यापर्यंत फक्त कल पाहावा, आणि सहा-सातव्या दिवसाकडून ‘ओलसर की कोरडं, गरम की गार’ एवढंच घ्यावं.

दोन अ‍ॅप दोन गोष्टी का सांगतात?

कारण ती वेगवेगळ्या मॉडेलांवर चालतात, किंवा एकाच मॉडेलावर वेगवेगळ्या वेळी. त्यातलं खरं कोणतं हे शोधण्यात वेळ घालवू नये. दोघांत मतभेद आहे हीच माहिती आहे: त्या दिवसाबद्दल अनिश्चितता जास्त.

एआय आल्यावर हे सुटणार का?

काही भाग सुटतो आहे. गूगल डीपमाइंडचं ग्राफकास्ट २०२३ मध्ये आलं, आणि युरोपीय केंद्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वतःचं एआय मॉडेल रोजच्या कामात घेतलं. ही मॉडेलं समीकरणं न सोडवता कित्येक दशकांच्या नोंदींतून शिकतात, काही मिनिटांत उत्तर देतात आणि मोठ्या प्रणालींचा मार्ग फार चांगला पकडतात. पण ग्राफकास्टची जाळी पाव अंशाची, म्हणजे विषुववृत्तापाशी सुमारे २८ किलोमीटरची आहे. तीन किलोमीटरच्या सरीसाठी ती नेहमीच्या मॉडेलापेक्षाही विरळ ठरते.

शेवटच्या दोन तासांत रडार

उभ्या ढगाची जागा तो उगवल्यावरच कळते, म्हणून त्या दिवशी आठवड्याची ओळ बाजूला ठेवून रडारचं हलतं चित्र उघडावं. सर कोणत्या दिशेने सरकते आहे, मोठी होते आहे की विरते आहे, हे मागच्या अर्ध्या तासाच्या चित्रांतून दिसतं आणि पुढच्या तासाभरासाठी त्याहून चांगलं साधन नाही.

लहान गावांनी यात एक गोष्ट तपासून ठेवावी, ती म्हणजे जवळचं रडार किती दूर आहे. रडारचा किरण थोडा वर रोखलेला असतो आणि पृथ्वीचा पृष्ठभाग खाली वळत जातो, त्यामुळे अंतराबरोबर किरण जमिनीपासून उंच उंच जातो. अर्ध्या अंशाने सोडलेला किरण २०० किलोमीटरवर सुमारे चार किलोमीटर उंचीवरून जातो. बारा किलोमीटर उंच क्युम्युलोनिंबस तिथेही नीट दिसतो. दोन किलोमीटरच्या आतला स्ट्रेटस आणि त्याची भुरभुर मात्र किरणाच्या खालीच राहते. अशा गावात रडारचं चित्र कोरडं असताना बाहेर जमीन ओली असू शकते, आणि तेव्हा जवळच्या पर्जन्यमापकाची नोंद खरी धरावी.